नोटरीचा ११ महिन्यांचा करार पुरे म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

उंबरठा: काल एक पोस्ट फिरत होती: "११ महिन्यांचा करार स्टँपपेपरवर नोटरी करा, रजिस्ट्रेशनचे पैसे वाचवा, भाडे कायद्याची कटकटच नाही." खाली अंगठ्यांची ही रांग! डोकं उठलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

११ महिन्यांचं खूळ नोंदणी कायद्यातून आलंय. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक एक महिना कापतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी) असो की भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी मेख तर पुढे आहे: नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तुम्ही १ लाख डिपॉझिट घेतलंत आणि तो म्हणाला ३ दिले, तर बसा सिद्ध करत.

नानाचा पुतण्या: आले कलमबहाद्दर. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या भाडेकरू आहेत, सगळं नोटरीवर. कोणी कैदेत गेलेलं ऐकलंय का? एजंट, स्टँप, अंगठे, फोटो. प्रत्येक वेळी हजारो रुपये कोण घालणार?

उंबरठा: हजारो नाहीत. २०,००० भाडं, वर्षाचा करार, १ लाख डिपॉझिट. वर्षाचं भाडं २,४०,००० आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १०,०००. त्याच्या पाव टक्का म्हणजे ६२५ रुपये स्टँप. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी किरकोळ हाताळणी शुल्क. उरलेले "हजारो" एजंटचे, आणि ऑनलाइन नोंदणी तुम्ही स्वतःही करू शकता.

वाड्याचा वारस: तुम्ही लोक पाव टक्क्यावर भांडताय, इथे आमच्या वाड्यात महिना ६५ रुपये भाडं आहे! कायदा दर वर्षी ४ टक्के वाढवू देतो, म्हणजे २ रुपये ६० पैसे. गोठवलेलं प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने बांधून दिलेलं जुनं भाडं, अन्याय्य आहे हे सुप्रीम कोर्टानेच मालपे प्रकरणात १९९७ साली म्हटलं. त्यानंतर नवा कायदा आला आणि आम्हाला काय मिळालं? चहाचे पैसे.

उंबरठा: तुमचं दुःख खरं, पण ते जुन्या भाडेकरूंचं. इथे विषय लायसन्सचा आहे. मुदत संपली आणि माणूस हलला नाही तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागायची, नाहीतर तुमचं म्हणणं मान्य धरतात. शिवाय ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई.

भाडोत्री कायमचा: वा, मालकांसाठी सगळी कलमं तोंडपाठ! कलम २९ कोण सांगणार? पाणी-वीज तोडायची नाही असं त्यात लिहिलंय. मागच्या मालकाने माझ्या आईच्या आजारपणात नळ बंद केला, कारण भाडं वाढवायला मी नाही म्हटलं. डिपॉझिटमधून "रंगाचे" म्हणून निम्मे कापले ते वेगळेच. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट २ महिन्यांच्या भाड्यापुरतं आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग काय?

नानाचा पुतण्या: म्हणजे आता भाडेकरू बिचारे! १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं, त्यावर बोला.

उंबरठा: होत नाही हो! त्यासाठी मालकाचा हक्क झुगारून ठेवलेला, म्हणजे प्रतिकूल, ताबा लागतो; मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा तसा नसतो. ही अफवा दर दिवाळीला नव्याने येते.

माजी सेक्रेटरी: सोसायटीला विचारतंय कोण? भाडेकरू येतात, लिफ्टमध्ये सामान कोंबतात, रात्री दोनला गाणी. बिनवापर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) वाढवलं की मालक बोंबलतात.

भाडोत्री कायमचा: लिफ्ट काय तुमच्या खिशातून चालते?

उंबरठा: बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. तुमच्या काळात किती घेत होतात, सेक्रेटरीसाहेब?

माजी सेक्रेटरी: ते सर्वसाधारण सभेने ठरवलं होतं.

वाड्याचा वारस: सभेने आदेश बदलतो होय? आमच्या भाडेकरूंची सभा बोलावतो मग, ६५ चे ६५,००० करू.

माजी सेक्रेटरी: थट्टा पुरे. इमारत सांभाळायची आम्ही, आणि मालक बसणार परदेशात. बॅचलर पोरांना कोण आवरणार?

भाडोत्री कायमचा: आम्ही बॅचलर मेंटेनन्स वेळेवर भरतो. तुमच्या समितीतले दोघे थकबाकीदार होते, ती यादी जिन्यात लावली का कधी?

माजी सेक्रेटरी: वैयक्तिक बोलू नका!

वाड्याचा वारस: सुरुवात "बॅचलर"पासून तुम्हीच केलीत.

नानाचा पुतण्या: बरं बाबा, जिंकलात. पुढचा करार रजिस्टर करतो, कैदेत कोण जाईल. पण ते सोळाशे पंचवीस भाडेकरूकडून निम्मे घेणार.

भाडोत्री कायमचा: घ्या. मग पाणीही पूर्ण सोडा.

माजी सेक्रेटरी: कराराची एक प्रत सोसायटीत जमा करा. झेरॉक्स चालणार नाही.