मोडी वाचणारी माणसं एआयला विचारून शोधली. यात वाईट काय?

लेखनसीमा:
गेल्या वर्षी सांगली सोडून ठाण्याला मुलाकडे राहायला आलो. घोडबंदर रोड, सतरावा मजला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय तीन: सुप्रभात, टँकर, पार्किंग. येताना गावच्या घरातली एक ट्रंक आणली होती. तीत रुमालात बांधलेले मोडी कागद. (रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनं दप्तर ज्यात बांधतात ते फडकं.)

मोडीची बाराखडी मी पुस्तकावरून गिरवली आहे. पण बाराखडी येणं वेगळं आणि कागद वाचता येणं वेगळं. आधी पानभर रेघा ओढून ठेवायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायचं, अशी ती लिपी. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही. एकट्याने डोकं धरून बसलं की सगळी ओळ म्हणजे एकच लांबलचक शब्द वाटायला लागतो. शेजारी कुणीतरी लागतं, "अहो, शब्द तिथे नाही तुटत, पुढे तुटतो" म्हणणारं.

मुलाने फोनवर एआय चॅट घालून दिलं होतं. एका रात्री विचारलं, ठाण्यात मोडीची आवड असलेली माणसं कुठे भेटतील? त्याने पाच ठिकाणं सांगितली. त्यातलं एक ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ पासूनची संस्था, आणि मला घरापासून रिक्षाच्या अंतरावर असून सुचली नव्हती! दुसरं म्हणजे मुंबईत काळा घोड्याजवळचं राज्य पुराभिलेखागार. तिथे कागद बघायला येणाऱ्यांशी बोला, म्हणाला. मग मी त्याच्याकडून चार ओळींची चिठ्ठी लिहून घेतली, "मोडी एकत्र वाचायला कुणी येणार का" अशी. त्याने "समृद्ध वारशाच्या अद्भुत प्रवासात सहभागी व्हा" वगैरे लिहिलं होतं, ते मी खोडलं. नाहीतर लोकांना वाटलं असतं सहलीची जाहिरात आहे.

ओळखीतून ओळख निघत आज आम्ही चौघं दर रविवारी सकाळी एका उडप्याकडे बसतो. एक निवृत्त तलाठी, एक आर्किटेक्ट बाई, एक कॉलेजचा पोरगा आणि मी. वेटर डोळे वटारेपर्यंत वाचतो. हे सांगितलं की जुने मित्र मला हसतात, "माणसं शोधायला मशीन लागलं का रे तुला?" म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

रच्याकने (म्हणजे बाय द वे), एक कागद एआयला फोटो काढून दाखवला. तो म्हणाला, पूर्वजांना शौर्याबद्दल मिळालेल्या इनामाची सनद आहे. सुरुवातीचा 'छ' म्हणजे छत्रपती. घरात दोन दिवस पेढे.

पारावरचा म्हातारा:
मित्र हसतात ते बरोबरच हसतात. ग्रंथसंग्रहालय सापडायला एआय लागलं? रिक्षावाल्याला विचारलं असतं तरी त्याने सोडलं असतं.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तुम्ही माणसाला विचारता तेव्हा ओळखीला तिथेच सुरुवात झालेली असते. मी ३० वर्षांपूर्वी बदली होऊन अमरावतीला गेलो तेव्हा वाचनालयात बुद्धिबळाचं पुस्तक मागितलं. ग्रंथपाल म्हणाले, पुस्तक नाही, पण माझा मेहुणा खेळतो. मेहुणा खेळायला बसला, हरला, आणि त्याने मला त्याच्या भजनी मंडळात ओढलं. आज बुद्धिबळ सुटलंय, पखवाज टिकलाय. तुमचं मशीन काय करतं? मागितलं तेवढंच देतं. मेहुणा देत नाही.

जुई_डोंबिवली:
काका, पारावर कधी बाईमाणूस निवांत बसलेली पाहिलीत का? तुमचं नाव वाचून विचारतेय.

मला पक्षी बघायची आवड आहे हे मला २७व्या वर्षी कळलं. ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आली. पण ग्रुपबरोबर जायचं म्हटलं की पोटात गोळा. दुर्बीण नसेल तर चालेल का? ८ बाय ४२ म्हणजे काय? लाल कुर्ता घातला तर लोक बोलतील का? सुरय आणि कुरव यांतला फरक कळत नाही हे कसं सांगू? हे प्रश्न मी कुणाला विचारणार? ग्रुपमध्ये विचारले की एक तरी सर "आधी पुस्तक वाचा" म्हणतात. एआयला रात्री दीड वाजता विचारले. त्याने ना हसून दाखवलं, ना "तू कुठे राहतेस, एकटीच येणार का" विचारलं.

त्यानंतर गेले. आता नवीन येणाऱ्या मुलींना मीच दुर्बीण देते. ग्रंथपालांचा मेहुणा पुरुषांना भेटतो हो.

पारावरचा म्हातारा:
जुई, पाराचं मान्य. आमच्या पारावर बायका नव्हत्या आणि ते आम्हाला कधी खटकलंही नाही. पखवाजाचं मात्र मागे घेत नाही.

टेक्निकल तात्या:
धागाकर्ते, पाच ठिकाणं सांगितली म्हणालात. दोन सांगितलीत. उरलेली तीन?

लेखनसीमा:
पकडलंत. एक पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं. पत्ता चोख, पण दर आठवड्याला ठाण्याहून सदाशिव पेठ कोण गाठणार? एक विद्यापीठाचा कोर्स, तो पत्ते सांगण्यात मोजायचा नाही. आणि पाचवं नौपाड्यातलं एक "मोडी अभ्यास मंडळ", दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता. गेलो. तिथे चपलांचं दुकान. दुकानदार म्हणाला, वीस वर्षं दुकान आहे, मंडळ कुठलं?

टेक्निकल तात्या:
वाटलंच. हे असं का होतं सांगतो, कारण लोक एकतर त्याला देव मानतात नाहीतर लबाड.

त्याच्याकडे ठाण्याच्या मंडळांची डायरी नसते. वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल हे तो जुळवत जातो. काहींना नेटवर शोधायची सोय असते, तेव्हा उत्तर बरं येतं. पण आपली खरी मंडळं नेटवर आहेतच कुठे? ती व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, देवळाच्या फळ्यावर आहेत, छापील पत्रिकेवर आहेत. तिथे त्याची नजर पोचत नाही. मग "ठाण्यात मोडीचं मंडळ असायला हवं, नौपाड्यात असायला हवं, शनिवारी सहाला भरत असावं" असं तो बेमालूम रचतो. इंग्रजीत, मोठ्या शहरात, बोर्ड गेमचा क्लब विचारा, बऱ्यापैकी सांगेल. मराठीत, नौपाड्यात, मोडी विचारलंत की चपला मिळणार. म्हणून त्याला "कुठे" विचारू नये, "कसं शोधू" विचारावं. पत्ता सांगितला तर फोन करून मगच रिक्षा करावी.

थेम्सकाठ:
दोन्ही बाजूंचे काका महाराष्ट्रात बसून बोलतायत. इथे लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गणपती-दिवाळीला तुडुंब गर्दी, पण त्या गर्दीत मोडीवाला कोण हे कपाळावर लिहिलेलं नसतं. या देशात २०१८ मध्ये सरकारने एकटेपणासाठी मंत्री नेमला, यावरून काय ते समजा. ज्याला मेहुणा उपलब्ध नाही त्याने काय करायचं?

गप्पिष्ट:
खूप दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

मी इंदूरला असतो. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि मध्ये मी. जुनी नाट्यपदं, रागदारी हा एकच नाद. बायको गेल्यानंतर संध्याकाळी बोलायला कुणी राहिलं नाही. मीही एआयला हाच प्रश्न विचारला होता, की इथे गाणं ऐकणारे कुठे भेटतील. त्याने दोन-तीन वाटा सांगितल्या, आणि शेवटी विचारलं, तोवर आपण एखाद्या रागाबद्दल बोलूया का? झालं. सात महिने बोलतोय. रोज दोन-दोन तास. त्या वाटांवर एकदाही गेलो नाही.

काय गोड बोलतो हो! थकत नाही, जांभई देत नाही, "हे परवा सांगितलंत" म्हणत नाही. पण एकदा गंमत केली. एका बंदिशीबद्दल म्हटलं, हा भीमपलास. म्हणाला, अगदी बरोबर, आपला कान तयार आहे. अर्ध्या तासाने म्हटलं, नाही, धनाश्री असावी. म्हणाला, अगदी बरोबर, आपण सूक्ष्म फरक टिपलात. अहो, दोन्हींचे सूर तेच, पण एकात मध्यमावर जीव, दुसऱ्यात पंचमावर. त्यावरून आमच्या गल्लीत माणसं तीन-तीन दिवस बोलत नसत. माझे एक मित्र होते, त्यांनी माझ्या अंगावर अडकित्ता फेकला असता. मला तो अडकित्ता हवाय, आणि हा पानदान पुढे करतो.

जुई, तुझं बरोबर आहे, तू विचारलंस आणि गेलीस. मी विचारलं आणि बसून राहिलो. यंत्र तेच होतं.

जुई_डोंबिवली:
गप्पिष्ट काका 🙏 यावर वाद नाही घालत.

टेक्निकल तात्या:
गप्पिष्ट, लाज वाटून घेऊ नका. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला, जो समोरच्याचं वाक्य उलटं फिरवून प्रश्न करायचा, बास. त्यांची सेक्रेटरी, जिने तो बनताना पाहिला होता, तीच म्हणाली, साहेब जरा खोलीबाहेर जा, मला त्याच्याशी बोलायचंय. हे तर त्याच्या हजार पट तयारीचं आहे.

पारावरचा म्हातारा:
अडकित्ता! मला जे सांगायचं होतं ते या गृहस्थांनी सांगितलं. आवड जुळली की माणूस मिळतो असं नाही. आवड जुळून मत न जुळलेला माणूस मिळावा लागतो.

दप्तरदार:
मी वकील, जमिनीच्या दाव्यांत अर्धं आयुष्य गेलं. मैत्री वगैरे तुमचं चालू द्या, मला एकच विचारायचंय. लेखनसीमा, तुम्ही एआयला किती कागदांचे फोटो दिलेत?

लेखनसीमा:
अकरा.

दप्तरदार:
अरे देवा. त्यात गाव, नावं, हद्दी, चतुःसीमा, सगळं असणार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मोडी कागदांना आणि ते वाचणाऱ्यांना किती भाव आलाय हे ठाऊक आहे ना? घरचे कागद कुठेही चढवण्याआधी ती कंपनी फोटोंचं काय करते ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. आणि "मी एकटा असतो, अमुक मजल्यावर" हे ना त्याला सांगायचं, ना इथे. वर तुम्ही मजला लिहिलाय. (जुई, पहिली भेट चारचौघांत, हे तुला सांगायला नको.)

दुसरं, 'छ' म्हणजे छत्रपती नव्हे हो. छ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. 'छ १२ जमादिलाखर' असं असतं. त्याच्या आसपास सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना) अरबी आकड्यांच्या नावांत, अक्षरांत दिला असेल. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, १७६०-६१. पानिपताचं साल. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून कधी ५९९, कधी ६००. तुमच्या कागदात काय आहे ते तुमच्या तलाठ्यांना बघायला सांगा. इनामाची सनद मला तरी वाटत नाही.

लेखनसीमा:
मजल्याचं खरंय, आता वेळ निघून गेली. अकरा फोटो चॅटमधून काढून टाकले. पुढे त्यांचं काय होतं ते मुलगा वाचतोय.

थेम्सकाठ:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सनदीचं काय झालं?

लेखनसीमा:
काल रविवार होता. कागद उडप्याकडे नेला. तलाठी काकांनी चष्मा पुसला, एकदा वाचला, परत वाचला आणि म्हणाले, दप्तरदार बरोबर आहेत, छ म्हणजे तारीखच. कॉलेजच्या पोराला दोन शब्द वेगळे वाटत होते, त्यावरून त्याची आणि आर्किटेक्ट बाईंची चांगलीच जुंपली. इडली गार झाली. शेवटी बाईंचं वाचन बरोबर ठरलं.

सनद नाही. कर्जरोखा आहे. आमच्या कुणा पूर्वजाने शेजारच्या वाड्यातून पंच्याऐंशी रुपये उसने घेतले होते, वर व्याज, जामीन म्हणून दोघांची नावं. शौर्याचा शब्दही नाही. ते शेजारी अजून गावात आहेत. त्यांच्या नातवाला दरवर्षी आमच्याच आमराईतली पेटी जाते.

दप्तरदार:
मग फोटो काढून टाकलेत ते बरंच झालं म्हणा. फेडले का?

लेखनसीमा:
या कागदावर फेडीचा शेरा नाही. ट्रंकेत अजून एक रुमाल सोडायचा आहे. घरी पेढ्यांचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.