कॅम टेबल (मास्टरच्या कोणत्या अंशाला अक्ष कुठे असावा याचा तक्ता) सीएसव्हीमधून लोड केल्यावर सर्व्हो मोटर गुरगुरतेय, इंटरपोलेशन (दोन पॉइंटमधली वाट भरायची पद्धत) कुठलं ठेवायचं?

जॉवाला_चाकण:
नमस्कार मंडळी. पाउच पॅकिंग मशीन आहे, सीलिंग जॉ (पाउच सील करणारा जबडा) सर्व्होवर, व्हर्च्युअल मास्टर (कंट्रोलरमधला आभासी अक्ष, दर पाउचला एक फेरी) ३६० डिग्री, मिनिटाला १२० पाउच. जॉचा स्ट्रोक १०० मिमी, तो १५० डिग्रीत जातो, मग थोडा डवेल (जॉ जागेवर थांबतो तो भाग), मग परत. डिझाइनवाल्यांनी कॅडमधून कर्व्ह काढून एक्सेलमध्ये दिला, दर डिग्रीला एक असे ३६१ पॉइंट, ते सीएसव्हीने कंट्रोलरमध्ये घेतले. लिनियर ठेवलं तर मोटर गुरगुरते, क्युबिक स्प्लाइन (सगळ्या पॉइंटमधून जाणारा गुळगुळीत वक्र) केलं तर आवाज जात नाही तो नाहीच आणि वर डवेलमध्ये जॉ किंचित हलताना दिसतोय ट्रेसमध्ये. मेकॅनिकलवाले म्हणतात ट्यूनिंग करा, गेन (ड्राइव्ह चूक किती जोरात सुधारते ते) कमी केला की फॉलोइंग एरर (सेटपॉइंट आणि खऱ्या पोझिशनमधला फरक) वाढते. पॉइंट अजून वाढवू का, अर्ध्या डिग्रीला एक असे?

स्प्लाइनप्रेमी:
पॉइंट अजिबात वाढवू नका, उलट कमी करा. आधी एक सांगा, सीएसव्हीमध्ये दशांशानंतर किती आकडे आहेत?

जॉवाला_चाकण:
दोन आहेत सर. ०.०१ मिमी पुरे नाही का, जॉला एवढी अचूकता लागतच नाही.

स्प्लाइनप्रेमी:
पोझिशनला पुरे आहे हो, पण मोटरला पोझिशन नाही अ‍ॅक्सेलरेशन जाणवतं, आणि तिथेच सगळं बिघडतंय. हिशोब करून बघा, १२० च्या स्पीडला एक सायकल ०.५ सेकंद म्हणजे एक डिग्री साधारण १.३९ मिलिसेकंद. राउंडिंगमुळे प्रत्येक पॉइंट ०.००५ मिमीपर्यंत वरखाली असू शकतो, सलग तीन पॉइंटवरून अ‍ॅक्सेलरेशन काढलं की ही चूक वाईटात वाईट ०.०२ मिमी होते, आणि तिला १.३९ मिलिसेकंदाच्या वर्गाने भागलं की येतं जवळपास १० मीटर प्रति सेकंद वर्ग. आता तुमच्या जॉला खरंच किती लागतं? ३-४-५ पॉलिनॉमिअल (पाचव्या घाताचा) धरलं तर पीक ५.७७ गुणिले स्ट्रोक भागिले वेळेचा वर्ग, १५० डिग्रीचे ०.२०८ सेकंद, म्हणजे साधारण १३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. खरा सिग्नल १३ आणि त्याच्यावर १० पर्यंत कचरा, मग गुरगुरणारच की, गेनचा काही दोष नाही त्यात. स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक पॉइंटमधून जाणारच, ती राउंडिंग पुसत नाही. आणि अर्ध्या डिग्रीला पॉइंट घेतले तर वेळ निम्मा, म्हणजे हाच कचरा चौपट, म्हणून म्हटलं वाढवू नका.

लिनियरचं वेगळं आहे, त्यात दोन पॉइंटमध्ये वेग स्थिर आणि प्रत्येक पॉइंटला वेगाची पायरी, ते स्लो अ‍ॅक्सिसला चालतं, इथे नाही.

नाशिक_मोशन:
वरच्या दादांशी सहमत. मी तर म्हणेन कॅडचे पॉइंट घेऊच नका, सेगमेंट करा. डवेल म्हणजे सरळ रेषेचा सेगमेंट, मधला प्रवास पाचव्या घाताचा पॉलिनॉमिअल, दोन्ही टोकांना वेग शून्य आणि अ‍ॅक्सेलरेशन शून्य. तिसऱ्या घाताचा केला तर पीक वेग कमी येतो, सरासरीच्या दीडपट, पाचव्यात १.८७५ पट, पण तिसऱ्यात डवेल सुटताना अ‍ॅक्सेलरेशन एकदम उडी मारतं आणि जॉच्या लिंकेजमध्ये जरा जरी प्ले (ढिलाई) असेल तर दर सायकलला ठक ऐकू येतो. तुमचा पीक वेग मग ०.९ मीटर प्रति सेकंद, तेवढा मोटर आणि गिअरबॉक्स देतात ना ते बघून घ्या. डवेलमध्ये हलतंय तेही ह्यानेच जाईल, स्प्लाइनला कोपऱ्याशी वळायला जागा लागते म्हणून ती सपाट भागातही लाट सोडते.

पाउच_ऑपरेटर:
मध्येच विचारतो, पाउचची लांबी एचएमआयवरून (ऑपरेटरच्या स्क्रीनवरून) बदलली की चालू मशीनवर कर्व्ह बदलता येईल का? आमच्याकडे सीमेन्सचा एस७-१५००टी पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) आहे.

नाशिक_मोशन:
येतो, फक्त चालू असलेल्या कॅमला हात लावू नका. दोन टीओ_कॅम (कॅम कर्व्ह साठवणारे ऑब्जेक्ट) ठेवा, एक चालू असताना दुसऱ्यात आकडे भरा (एकात १००० पॉइंट आणि ५० सेगमेंट बसतात, सेगमेंटने केलंत तर भरपूर झाले), मग एमसी_इंटरपोलेटकॅम (कर्व्ह तयार करणारा ब्लॉक) चालवा आणि त्याचं डन (पूर्ण झाल्याचं) आउटपुट येईपर्यंत थांबा, आकडे लिहिले म्हणजे कर्व्ह तयार झाला असं नसतं आणि इंटरपोलेशनला पीएलसीच्या काही सायकल जातात. मगच दुसऱ्या कॅमवर एमसी_कॅमइन (अक्ष कॅमला जोडणारा ब्लॉक) द्या, तेही डवेलमध्ये, जिथे दोन्ही कर्व्हची पोझिशन एकच आणि वेग शून्य.

स्प्लाइनप्रेमी:
आणि जॉवाला, तुमच्याकडे पीएलसीओपनचे (मोशन ब्लॉकचं सामायिक स्टँडर्ड) ब्लॉक असतील तर एमसी_कॅमटेबलसिलेक्टमध्ये पिरिऑडिक, मास्टरअ‍ॅब्सोल्यूट, स्लेव्हअ‍ॅब्सोल्यूट हे तिन्ही इनपुट नीट बघा, चुकीचं ठेवलं तर कर्व्ह कितीही गुळगुळीत असो, कपलिंगच्या क्षणी जॉ उडी मारतो. पहिला आणि शेवटचा पॉइंट पोझिशनला तर जुळायलाच हवेत, उतारही जुळायला हवा. नवीन टेबल टाकलं की आधी मिनिटाला १० पाउचवर फिरवा, फिल्म न लावता, आणि ट्रेसमध्ये पोझिशन नाही, सेटपॉइंट अ‍ॅक्सेलरेशन लावून बघा.