चामड्याच्या हातशिलाईसाठी लिननचा दोरा घ्यावा की पॉलिएस्टरचा?

कोथरूडकर:
नमस्कार. आतापर्यंत मी चामड्याची पाकिटे आणि चष्म्याची घरे हाताने शिवत आलो आहे. आता धाकट्या भावासाठी खांद्याला अडकवायची मोठी पिशवी करायला घेतली आहे. चामडे बाभळीच्या सालीने कमावलेले आणि सुमारे ३ मिमी जाडीचे असून, पट्टा जोडायचा आहे तिथे त्याचे दोन थर एकमेकांवर येतात. भाऊ रोज दुचाकीवरून हडपसरला जातो, त्यामुळे ही पिशवी पावसाळाभर भिजणार आणि एरवी उन्हात तापणार. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा मला रविवार पेठेत मिळतो. लिननचा मात्र बाहेरून मागवावा लागतो आणि तो महाग पडतो. खोगीरकामाविषयी जे काही वाचले, त्यात लिननचीच थोरवी सांगितलेली आहे. या कामासाठी तो खर्च करावा का?

दोनसुया:
लिननची थोरवी खोटी नाही. हा दोरा जवसाच्या खोडातल्या लांब तंतूंचा असतो, तो फारसा ताणला जात नाही आणि ओला झाला म्हणून कमजोर पडत नाही. उलट भिजल्यावर त्याची ताकद थोडी वाढते. मधमाशीचे मेण त्याच्या पदरांत मुरते, त्यामुळे ओढलेला टाका भोकात घट्ट बसून राहतो. मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो असा, की तो चामड्यावर जुलूम करत नाही. कडक, बारीक कृत्रिम दोरा जोर लावून ओढला, तर उकडलेले अंडे दोऱ्याने कापावे तसा तो दोन भोकांमधले चामडे चिरत जातो. लिनन झिजला, तर जुन्याच भोकांतून नवा दोरा घालता येतो. चिरलेल्या चामड्याला तसा उपाय नाही. पाकीट, पट्टा, वहीचे वेष्टन अशा घरात जपून ठेवायच्या वस्तूंसाठी मी आजही लिननच वापरतो.

पावसाळी:
वरील प्रतिसादातले प्रत्येक विधान मान्य करूनही, या पिशवीसाठी मी पॉलिएस्टरच सुचवेन. लिननला भिजण्याचे भय नाही, त्याला भय आहे ते ओले राहण्याचे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात जाड चामडे भिजले की वरून कोरडे दिसू लागल्यावरही भोकांच्या आत दमट राहते, आणि लिनन हा मुळात सेल्युलोज असल्यामुळे त्या दमटपणात बुरशी त्याला आतून खात जाते. बाहेरून टाका धड दिसतो आणि एके दिवशी पट्ट्यापाशी सगळी शिवण उसवते. मेणाने हे लांबते, टळत नाही. पॉलिएस्टर बुरशीने कुजत नाही.

येथे नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला भेदही ध्यानात घ्यावा, कारण दुकानात दोन्ही एकाच नावाने पुढे केले जातात. नायलॉन मजबूत असतो, पण तो ताणला जातो, त्यामुळे वजन पडले की शिवण किंचित उघडते; शिवाय उन्हाने तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर खराब होतो. रीळ घेण्यापूर्वी हातभर दोरा दोन्ही हातांत धरून ओढून पाहावा. नुसते ‘मेणाचा दोरा’ म्हणून काही दिले, तर दुकानदाराला विचारून त्याचे टोक जाळून पाहावे: सूत किंवा लिनन असेल, तर कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख उरते; कृत्रिम असेल, तर टोक वितळून त्याची कडक गोळी होते.

चामडे चिरण्याची भीती खरी आहे, पण तिचा इलाज दोऱ्याच्या जाडीत आहे. इतक्या जाड चामड्याला ०.८ मिमीचा दोरा घ्यावा, टाक्यांत ४ ते ५ मिमी अंतर ठेवावे आणि टाका चामड्याला टेकला की ओढणे थांबवावे.

कोथरूडकर:
दोघांचेही आभार. पॉलिएस्टर घेतला, तर शेवटची टोके कशी बंद करावीत? लिननची आपण कशी करता?

दोनसुया:
पावसाळी यांचे म्हणणे मला पटले. रोज भिजणाऱ्या पिशवीसाठी मीही आता लिननचा आग्रह धरणार नाही. दोन्ही दोऱ्यांत शेवटी दोन-तीन टाके उलटे घालावेत. लिननची टोके मग चामड्यालगत कापून, थेंबभर डिंक लावून भोकात दाबावीत. पॉलिएस्टरची टोके सुमारे २ मिमी ठेवून ज्योतीच्या कडेने वितळवावीत आणि लगेच सपाट दाबावीत. ज्योत थेट लावल्यास बाभळीने कमावलेल्या चामड्यावर काळा डाग पडतो. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट कापावा, दोन थर असतील तिथे त्याहून थोडा अधिक. मुख्य म्हणजे पट्ट्याची शिवण एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढत करावी. एखादा टाका तुटला, तरी दुसऱ्या बाजूने आलेला दोरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिलाईत ही सोय नसते.