मदत हवी आहे: नववी पुण्यात झाली, पुन्हा नववी न्यू जर्सीत, कॉलेज सॉकरसाठी एनसीएएची चार वर्षे कुठून मोजायची?

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कुलात दहावीत आहे. शाळेच्या आणि क्लबच्या संघातून ती मधल्या फळीत सॉकर खेळते. तिला कॉलेजातही खेळायचे आहे आणि अभ्यास नीट चालू असल्यामुळे आमची त्याला हरकत नाही. अडचण कागदपत्रांची आहे आणि ती जरा आडवळणाची असल्याने सविस्तर लिहिते.

तिची नववी पुण्यात राज्य मंडळाच्या शाळेत सेमी-इंग्रजीतून झाली. परीक्षा एप्रिलमध्ये संपली, उन्हाळ्यात आम्ही इकडे आलो आणि सप्टेंबरमध्ये इथल्या शाळेने वय पाहून तिला पुन्हा नववीतच बसवले. आता एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज-खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेचे, नियम वाचताना असे दिसते की पहिल्या विभागातील (कॉलेज-खेळांच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरचा, डिव्हिजन १) कॉलेजात खेळण्यासाठी लागणारे १६ मुख्य विषय नववीत प्रथम बसल्यापासून चार वर्षांत, म्हणजे आठ सत्रांत, पूर्ण व्हावे लागतात. हे घड्याळ पुण्यातल्या नववीपासून सुरू झाले असेल, तर तिचे चौथे वर्ष इथल्या अकरावीबरोबर संपते आणि बारावीत घेतलेले विषय पहिल्या विभागाच्या हिशेबात धरलेच जाणार नाहीत. शिवाय १६ पैकी १० विषय सातवे सत्र सुरू होण्यापूर्वी झालेले असावेत आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित व विज्ञानातले असावेत, अशीही अट आहे. आमच्या हिशेबाने सातवे सत्र येत्या सप्टेंबरमध्येच उजाडते.

शाळेच्या काउन्सेलरबाई मनापासून मदत करतात, पण त्यांच्यासमोर आजवर आलेली सगळी मुले नववीपासून इथेच शिकलेली होती. पुण्याचे प्रगतिपुस्तक त्यांनी उलटसुलट करून पाहिले. मराठीतले रकाने, गणित भाग १ आणि भाग २ यांचे वेगवेगळे गुण, सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र एकत्र आणि भूगोल निराळा, काही विषयांना गुणांऐवजी श्रेणी आणि खाली मुख्याध्यापकांचा गोल शिक्का. हे इथल्या कोणत्या चौकटीत बसवायचे, ते त्यांनाही सांगता येईना. क्लबमध्ये विचारले, तर उत्तर म्हणून पुढच्या मोठ्या स्पर्धेचे शुल्क भरण्याची आठवण आली. कोचसमोर दिसणे महत्त्वाचे आहे, हे मान्य. परंतु उद्या एखाद्या कोचला ती आवडली आणि पात्रतेच्या छाननीत अडकली, तर त्या स्पर्धांचा उपयोग काय?

मला पुढील गोष्टी कळल्या तर फार मदत होईल. पुण्याची नववी खरोखर धरली जाते का आणि धरली तर तिथले विषय १६ मध्ये मोजले जातात का? वर्ष पुन्हा केलेल्या मुलांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या विभागाचा रस्ता मोकळा असतो का? आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत आणि ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, त्यामुळे शिष्यवृत्तीला बाधा येते का? ती ईसीएनएल किंवा गर्ल्स अकॅडमी या मुलींच्या क्लब सॉकरमधील वरच्या साखळी स्पर्धांत खेळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका रास्त आहे. नववीपासून पुढचे शिक्षण ज्या ज्या देशांत झाले असेल, तिथली सगळी कागदपत्रे एनसीएएचे पात्रता केंद्र (खेळाडूंची पात्रता तपासणारे कार्यालय) मागते. एक वर्ष गाळून चालत नाही. माझा भाचा नाशिकहून दहावीनंतर टेक्ससला आला, तेव्हा आम्ही हे सगळे केले आहे. मूळ भाषेतील गुणपत्रक आणि त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर अशी दोन्ही लागतात. पुण्याच्या शाळेकडून विषयवार गुण, शैक्षणिक वर्षाच्या आरंभाची व समाप्तीची तारीख आणि शाळा सोडल्याचा दाखला एकदाच मागवून घ्या. मे महिन्यात कार्यालय अर्धवट सुरू असते आणि जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असते, म्हणून परीक्षांच्या धामधुमीपूर्वी कोणा नातेवाइकाला प्रत्यक्ष पाठवणे बरे. फोनवर कामे होत नाहीत, हे काही तुम्हाला सांगायला नको.

आता हिशेब. पहिल्या विभागाच्या १६ विषयांत इंग्रजी ४, गणित ३ (बीजगणित १ किंवा त्यावरचे), विज्ञान २, इंग्रजी-गणित-विज्ञानातला आणखी १, सामाजिक शास्त्रे २ आणि इतर मान्य विषय ४ असतात. मुख्य विषयांची सरासरी (४ पैकी) किमान २.३ लागते. पुण्याची नववी आणि इथली नववी, दहावी, अकरावी धरली, तर संख्या भरणे अवघड नाही. फक्त एकच आशय दोनदा शिकला असेल तर तो दोनदा मोजत नाहीत, म्हणजे पुण्याचे गणित आणि इथले बीजगणित यांत किती सारखेपणा धरतात, हे पाहावे लागेल. खरी अडचण इंग्रजीची येईल. इथली तीन वर्षे मिळून इंग्रजी तीनच होते आणि पुण्यातली भाषा चौथी म्हणून धरतील, याची खात्री मी तरी देणार नाही. म्हणून अकरावी संपण्याआधी, शक्य तर याच उन्हाळ्यात, इंग्रजीचा एक पूर्ण विषय जादा करून घ्या. तो शाळेच्या मान्यताप्राप्त विषयांच्या यादीत आहे का, हे आधी तपासा, कारण घाईने ऑनलाइन केलेले कितीतरी विषय तिथे चालत नाहीत. १० आणि ७ ची अट तिला लागू आहे असे धरूनच सप्टेंबरचे विषय ठरवा.

शाळेने पुण्याच्या नववीचे क्रेडिट देऊन तिचे हायस्कूल एक वर्ष आधी पूर्ण करून देणे, हाही एक मार्ग आहे. मात्र त्यात खेळाचे एक वर्ष जाते आणि मुलीची तयारी नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. आणखी एक सांगते. बारावीनंतर एक वर्ष थांबून मग कॉलेज, असा विचार कोणी सुचवला तर तुमच्या बाबतीत तो मुळीच करू नका. तिचे एक वर्ष आधीच खर्ची पडलेले असेल.

प्रतिसाद २

वरील माहितीत थोडी भर. दुसऱ्या विभागातही १६ विषयच लागतात आणि सरासरी किमान २.२ लागते, पण तिथे आठ सत्रांचे बंधन नाही. कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेण्यापूर्वी विषय पूर्ण झाले की पुरते. तिसऱ्या विभागात शैक्षणिक पात्रता प्रत्येक कॉलेज आपापल्या प्रवेश-निकषांनुसार ठरवते. म्हणजे पुन्हा नववीत बसल्यामुळे दार बंद झाले, तर ते फक्त पहिल्या विभागाचे होईल आणि तिथेही कॉलेजला खेळाडूच्या वतीने सवलतीचा अर्ज करता येतो. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली. कॉलेजांच्या स्वतःच्या अटी मात्र निराळ्या असतात.

पैशांबाबत स्पष्ट लिहितो. तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसते आणि आयव्ही लीगची कॉलेजे पहिल्या विभागात असूनही ती देत नाहीत. महिला सॉकरच्या पहिल्या विभागातील संघाला पूर्वी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येत असे आणि कोच ती अनेक मुलींत वाटत. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाल्यापासून, ती स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू, अशी नवी मर्यादा आली. ऐकायला हे उदार वाटते, पण प्रत्यक्षात काठावरच्या नव्या मुलींच्या जागा कमी होतात, कारण दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणारी वीस-एकवीस वर्षांची तयार खेळाडू कोचला सोपी पडते. वरच्या साखळीत न खेळणाऱ्या मुलीच्या पालकांनी हे ध्यानात ठेवूनच यादी करावी.

एच-४ वर शिकता येते आणि खेळताही येते. शिष्यवृत्ती हा पगार नव्हे. परंतु त्या व्हिसावर मुलांना कमाईची परवानगी नसल्यामुळे जाहिराती, प्रायोजक असल्या उत्पन्नाच्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ च्या मुलांना मिळत नाही आणि पुष्कळ खासगी कॉलेजे मदतीच्या बाबतीत त्यांना परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे करतात. तिसऱ्या विभागाचा विचार करताना हा प्रश्न प्रवेश कार्यालयाला सुरुवातीलाच विचारा. आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करावा लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इंग्रजीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. माझ्या भावाला पुढच्या आठवड्यात शाळेत पाठवते आहे. आता प्रश्न उरतो तो कोचना लिहिण्याचा. पात्रतेचा निकाल लागेपर्यंत थांबावे, की आताच सुरुवात करावी? आणि पुन्हा नववी केल्याचे आपणहून सांगावे का?

प्रतिसाद ३

थांबू नका. पहिल्या व दुसऱ्या विभागाच्या कोचना दहावी संपल्यावर १५ जूनपासून खेळाडूशी भरतीविषयी थेट बोलता-लिहिता येते. पहिल्या विभागातील कॉलेजभेटी १ ऑगस्टपासून सुरू होतात. त्याआधी मुलीने पत्र लिहायला मनाई नाही. कोचकडून फार तर प्रश्नावली किंवा शिबिराचे पत्रक येईल. मात्र ते पत्रक म्हणजे निवड समजू नये, ते शेकडो मुलींना जाते. तिसऱ्या विभागाचे कोच तर आधीही उत्तर देतात.

पत्र मुलीने स्वतः लिहावे आणि पालकांनी फक्त शुद्धलेखन पाहावे. तीन-चार मिनिटांची चित्रफीत जोडावी, तिच्यात ती कोणती हे प्रत्येक वेळी आधी खूण करून दाखवावे आणि पूर्ण सामन्याचे चित्रीकरण मागितल्यावर देण्यासाठी हाताशी ठेवावे. मधल्या फळीतल्या खेळाडूचे गोल कमीच असतात. चेंडू येण्याआधी ती मान वळवून काय पाहते आणि चेंडू गेल्यावर किती चटकन परत जागेवर येते, ते कोच पाहतात. प्रत्येक कॉलेजच्या संघाची यादी उघडून मधल्या फळीत तिच्या प्रवेशाच्या वर्षी कोण बाहेर पडणार, हेही पाहून ठेवा.

दोन नववींचे आपणहून सांगावे, पण पहिल्या पत्रात नव्हे. कोचचे खरे उत्तर आले की दुसऱ्या पत्रात दोन ओळींत लिहावे: नववी भारतात पूर्ण, वयानुसार इथे पुन्हा नववी, कागदपत्रे पात्रता केंद्राकडे दिली आहेत. पहिल्या विभागाच्या कॉलेजात अशी प्रकरणे हाताळणारे नियमपालन अधिकारी असतात आणि कोच ते पत्र सरळ त्यांच्याकडे पाठवतो. पात्रता केंद्रातले खाते मात्र या महिन्यातच उघडा, म्हणजे पत्रात तिचा एनसीएए क्रमांक देता येईल.