ब्रिज लाल यांच्या इतिहासाने मळेवाल्या साहेबाला सूट दिली का?

मुसाफिर
ब्रिज लाल (१९५२–२०२१). आजोबा उत्तर प्रदेशातल्या बहराइचहून फिजीला गेलेले गिरमिटिया, म्हणजे करारावर मळ्यात राबायला नेलेले मजूर, नातू कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत इतिहासाचा प्राध्यापक. त्यांच्यावर एक आरोप नेहमी होतो. इतिहासकार ह्यू टिंकर यांनी १९७४ साली करारमजुरीला नवी गुलामगिरी ठरवलं आणि लालांनी मजुरांच्या स्वतःच्या निर्णयावर भर देऊन त्याची धार घालवली, असा. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

कलकत्त्याहून फिजीला गेलेल्या पंचेचाळीस हजारांवर माणसांचे पास, म्हणजे परदेशी जाताना केलेली सरकारी नोंदपत्रं, त्यांनी पीएचडीसाठी पालथे घातले. एकेका पासवर नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरची खूण. त्यातून दिसलं की यात ब्राह्मण होते, ठाकूर, कुर्मी, अहीर, चांभार, मुसलमान, सगळेच होते. कित्येकांनी भरतीआधीच पोटासाठी आपला जिल्हा सोडलेला होता. मळेवाले यांना गाळ म्हणायचे, आपले पुढारी भोळे बिचारे म्हणायचे. या माणसांना डोकं होतं, हे लालांनी कागदानिशी दाखवलं.

रानवारा
असहमत. पास लिहिला कोणी? जहाजावर चढवण्याआधी मजुरांना ठेवत त्या सरकारी डेपोतल्या कारकुनाने. अरकाट्याने, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या दलालाने, काय थापा मारल्या, याचा रकाना त्यात नाही. घरात खायला नाही म्हणून निघालेल्याच्या करारावरच्या अंगठ्याला मी निवड म्हणणार नाही.

आणि पुढचं काय? पाच वर्षांचा करार. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स, तेही नेमून दिलेलं काम पुरं झालं तर. कामावर गेलं नाही तर खटला, दंड, तुरुंग. नोकरी सोडली म्हणून जिथे तुरुंग आहे, तिथे माणूस आला कसा हा प्रश्न दुय्यम आहे. गोखल्यांनी १९१२ मध्ये कायदेमंडळात ही पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. सरकारने तो पाडला, पण मुद्दा त्यांनी नेमका धरला होता.

मुसाफिर
पण लाल डेपोच्या दारात थांबले कुठे? फिजीतल्या गिरमिटियांच्या आत्महत्यांवर त्यांनीच लिहिलं. कुंती नावाच्या मजूर बाईवरही. १९१३ मध्ये ओव्हरसियरने तिला मुद्दाम केळीच्या मळ्यात एकटीला कामाला लावलं आणि तो अंगावर आला तेव्हा तिने नदीत उडी घेतली. होडीतल्या एका मुलाने तिला वाचवलं. हे लिहिणाऱ्याने साहेबाला सूट दिली, असं कसं म्हणता?

खलाशी
तुम्ही दोघंही त्यांचं अर्धंच आयुष्य बघताय. लाल फिजीच्या तीन सदस्यांच्या राज्यघटना आयोगावर होते. त्या अहवालावरून १९९७ ची घटना आली, २००० मध्ये बंड झालं, २००९ मध्ये लष्करी राजवटीवर बोलले म्हणून त्यांना देशाबाहेर काढलं. मरेपर्यंत परतू दिलं नाही. माझ्या मते इतिहासकाराने घटना लिहायला बसूच नये, उद्या त्याच्या प्रत्येक पानात लोक पक्ष शोधतात.

रानवारा
खलाशी, इथे मात्र मी लालांच्या बाजूने. ज्याच्या आजोबांना मत नव्हतं, त्याने मताधिकाराच्या चर्चेत बसायचं नाही तर कोणी बसायचं?

पासबद्दल माझं म्हणणं कायम. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या आपल्या मराठी माणसांच्याही नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आहेत. कोणी त्यावर काम करणार असेल, तर जहाजाच्या याद्यांसोबत तिथल्या कोर्टाचे निकालही काढा. कोण निघालं ते यादी सांगेल, पण कोणाला कशासाठी तुरुंगात टाकलं ते निकालातच सापडेल.