'दुपारपर्यंत लाइव्ह' म्हणे!

जागरण_गोंधळ:
"फंक्शन लिहा, डिप्लॉय करा, दुपारपर्यंत लाइव्ह!" सर्व्हरलेसचं (स्वतःचा सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर कोड चालवण्याचं) गुणगान करणारी ही पोस्ट सगळीकडे फिरतेय आणि खाली नुसत्या टाळ्या. एक फंक्शन दुपारपर्यंत चढतं, मान्य. पण गेटवे, रांग, चार-पाच लॅम्डा (ॲमेझॉनच्या क्लाउडवरची अशी फंक्शन्स), टेबल, वर ईमेल असं खरंखुरं ॲप्लिकेशन उभं करून दाखवा. प्रत्येक तुकडा सुटा झकास चालतो. मरण असतं सांध्यांत.

एकच सांधा घ्या. लॅम्डाला १५ मिनिटांपर्यंत वेळ देता येतो, पण पुढच्या एपीआय गेटवेची (युजरची विनंती फंक्शनकडे नेणाऱ्या दाराची) मुदत, हात लावला नाही तर, २९ सेकंद. ती संपली की युजरला ५०४ ('उत्तर वेळेत आलं नाही' ही एरर) दिसतो, तो परत बटण दाबतो. इकडे पहिलं फंक्शन आपलं काम निवांत पुरं करतच असतं. झाली ऑर्डर दोनदा! लॅम्डाच्या लॉगमध्ये एकही एरर नाही. हे त्या पोस्टमध्ये कुठे आहे?

सर्व्हरमुक्त:
असहमत. हा दोष डिझाइनचा. लांबणारं काम गेटवेमागे ठेवायचंच नाही. विनंती रांगेत टाका, २०२ ('विनंती घेतली, काम नंतर') परत द्या, विषय संपला. शिवाय रीजनल रेस्ट एपीआयला (गेटवेच्या एका प्रकाराला) ती मुदत २०२४ पासून वाढवून मिळते. तीच रडगाणी किती दिवस?

जागरण_गोंधळ:
विषय संपला नाही, रांगेत जाऊन बसला. एसक्यूएसच्या (ॲमेझॉनच्या रांग सेवेच्या) साध्या रांगेतून तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, हे डॉक्युमेंटेशनच सांगतं. व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहतो तो वेळ) मुळात ३० सेकंद; तो फंक्शनच्या टाइमआउटच्या सहापट ठेवा, हा सल्लाही तिथेच आहे. 'दुपारपर्यंत'वाल्यांपैकी कितींनी तो आकडा बदललाय?

जुना_खांब:
म्हणून म्हणतो, एक व्हीएम (आभासी सर्व्हर), एक प्रोसेस, एक डेटाबेस. प्राइम व्हिडिओच्या टीमने २०२३ मध्ये काय लिहिलं होतं? तुकडे एकत्र केले आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला.

सर्व्हरमुक्त:
आलं! प्राइम व्हिडिओशिवाय असला धागा पुरा होत नाही. खांबकाका, ती व्हिडिओचा दर्जा तपासणाऱ्या एका टूलची गोष्ट होती. प्रवाहाच्या दर सेकंदाला स्टेप फंक्शन्सची (कामाच्या पायऱ्या जोडणाऱ्या सेवेची) कितीतरी स्थित्यंतरं, फ्रेम्सची एसथ्रीतून (फाइलींच्या साठ्यातून) ये-जा. साध्या फॉर्म सबमिटला ते कशाला लावता?

तारेवरची_कसरत:
टाइमआउटवर भांडताय, परवानग्यांबद्दल चकार शब्द नाही. डिप्लॉय अडकला की आयएएम पॉलिसीत (कुणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या नियमांत) ॲक्शनला स्टार, रिसोर्सला स्टार, म्हणजे काहीही करा, कशावरही करा. "नंतर घट्ट करू." तो 'नंतर' कुणी पाहिलाय का?

सर्व्हरमुक्त:
डेव्हलपमेंटमध्ये स्टार चालतो हो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फंक्शनचा रोल (त्याच्या परवानग्यांचा संच) कोरत बसलात तर प्रॉडक्ट कधी लिहिणार?

तारेवरची_कसरत:
"चालतो"? ऐका मग. आधीच्या कंपनीत डेव्ह आणि प्रॉडक्शन (खरे ग्राहक वापरतात ते) एकाच अकाउंटात. टेस्टनंतर झाडलोट करणारं एक फंक्शन होतं, टेबलाचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) घेणारं. कुणीतरी टेम्प्लेट कॉपी केलं, त्यात नाव प्रॉडक्शनचंच राहिलं. रोलला अर्थातच स्टार. रात्री झाडलोट झाली, टेबल चकाचक.

पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (आधीच्या क्षणाचा डेटा परत देणारी सोय) चालू होती म्हणून डेटा मिळाला. पण डायनॅमोडीबी (ॲमेझॉनचा डेटाबेस) तो नव्या टेबलात देतं, जुन्यात नाही. त्या नव्या टेबलावर स्ट्रीम (बदलांची खबर फंक्शनला देणारा) नाही, टीटीएल (जुन्या नोंदी आपोआप काढणारा) नाही, ऑटोस्केलिंग (भाराप्रमाणे क्षमता बदलणारं) नाही. सगळं हाताने परत लावायचं. ॲप उठलं, सगळे झोपायला गेले, आणि स्ट्रीमवरून निघणारी इनव्हॉइसं निघेचनात. एरर कुठून येणार? फंक्शनला कुणी हाकच मारत नव्हतं! रोलमध्ये फक्त टेस्ट टेबलाचा एआरएन (नेमका पत्ता) असता तर 'ॲक्सेस डिनाइड'वर भागलं असतं.

सर्व्हरमुक्त:
मग दोष सगळं एका अकाउंटात कोंबण्याचा. अकाउंटं वेगळी करा.

तारेवरची_कसरत:
म्हणजे दाराला कुलूप नको, घरच बदला. वा!

सर्व्हरमुक्त:
माझ्या तोंडी शब्द घालू नका. तुमच्यासारख्यांनी आमच्याकडे एकदा पॉलिसी अशी आवळली की क्लाउडफॉर्मेशनला (सगळं एकत्र उभारणाऱ्या साधनाला) रोलबॅक करायचीही, म्हणजे मागे फिरायचीही, परवानगी उरली नाही. स्टॅक (त्याने उभारलेला सगळा पसारा) 'अपडेट रोलबॅक फेल्ड'वर ठप्प, प्रॉडक्शन अर्धं नवं, अर्धं जुनं, आणि परवानगी देणारे गृहस्थ रजेवर. त्याचं काय?

जुना_खांब:
आमच्या व्हीएमवर असलं काही होत नाही.

तारेवरची_कसरत:
तुमच्या व्हीएमवर सगळेच रूट (सर्वाधिकारी), काका. तिथे अडवणार कोण?

जुना_खांब:
वैयक्तिक होऊ नका. माझे सर्व्हर तुम्ही पाहिलेले नाहीत.

जागरण_गोंधळ:
धागा माझा आहे बरं का. ५०४ वर कुणी बोलणार आहे का?

वाचनमात्र:
५०४ चं माहीत नाही, पण लॅम्डा व्हीपीसीत (खाजगी नेटवर्कात) ठेवायचा तर ॲमेझॉनच्या तयार पॉलिसीतसुद्धा नेटवर्क इंटरफेसच्या परवानग्यांना रिसोर्स स्टारच आहे. तो काढायचा का?

तारेवरची_कसरत:
नाही, तो राहू द्या. तेवढा एक.

सर्व्हरमुक्त:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय! ठीक आहे, डिलीटच्या ॲक्शनपुरता टेबलाचा एआरएन मीही लिहीन. वाचायच्या परवानग्यांना स्टारच राहणार, त्यावर वाद घालायला येऊ नका.

तारेवरची_कसरत:
येणार. जेवून येतो.