मॉडेलच्या फोटोवर वॉटरमार्क टाकावा का? (उद्या सकाळपर्यंत हवंय)

क्लिक्कूराव
मॉडेल शूटच्या फोटोंवर वॉटरमार्क टाकता का? टाकत असाल तर कोपऱ्यात की मधोमध? मॉडेल मुलगी म्हणतेय वॉटरमार्क काढून दे, मी म्हणतोय नाही काढणार. उद्या सकाळी फायली पाठवायच्यात, तेव्हा जरा लवकर. "वॉटरमार्क म्हणजे काय हो" असले प्रतिसाद कृपया नकोत.

घाटपायथा
टाकाच! आणि मधोमध टाका, चांगला ठसठशीत. माझा कासचा फोटो एका लॉजवाल्याने परस्पर फ्लेक्सवर छापला होता. मला कळलं ते एसटीच्या खिडकीतून. तेव्हापासून घरच्या गणपतीच्या फोटोवरही नाव टाकतो मी.

नस्ती_उठाठेव
कासच्या फोटोत मॉडेल कोण, तेरडा की सोनकी? :)
क्लिक्कूराव, शूट पेड होतं का? कोणी कोणाला पैसे दिले?

क्लिक्कूराव
कोणीच कोणाला नाही दिले. पैशांचा विषयच नाहीये, वॉटरमार्कचं विचारतोय.

लेन्सवेडा
कॅमेरा कुठला ते लिहिलं नाहीत. पोर्ट्रेटला ८५ एमएम एफ १.८ डोळे झाकून घ्या. कॅमेऱ्यासोबत येते त्या किट लेन्सने मागचं सगळं स्वच्छ दिसतं आणि मग चेहरा उठत नाही.

नस्ती_उठाठेव
लेन्सवेडा, जरा थांबा हो.
विषय पैशांपासूनच सुरू होतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ वाचा. एरवी फोटो काढणारा तो मालक. पण कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी त्या पैसे देणाऱ्याची. म्हणजे तिने पैसे दिले असते तर तुम्ही मुळात अडून बसायलाच जागा नव्हती. दोघांनी फुकट केलं असेल, म्हणजे तुमच्या भाषेत टीएफपी, पैशांऐवजी फोटो, तर कॉपीराइट तुमचा. बोलणं काय झालं होतं?

क्लिक्कूराव
टीएफपीच. मेणवलीच्या घाटावर, नऊवारीत. बोलणं असं काही नाही, फोनवर ठरलं.

पदरखोच
मी चारपाच वर्षं हे काम केलंय, म्हणून कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूने सांगते. एजन्सीला किंवा जाहिरातवाल्याला फोटो पाठवतो तेव्हा त्यांना चेहरा, बांधा, दोन्ही बाजूंचा प्रोफाइल बघायचा असतो. त्यावर आडवं "अमुक तमुक फोटोग्राफी" आलं की पुढचा फोटो उघडतात. माझ्या एका फोटोत बरोबर निऱ्यांवर सोनेरी कर्सिव्हमध्ये नाव होतं, कमळासकट. पोर्टफोलिओत तो फोटो कधीच लावता आला नाही. टीएफपीत तिला मिळणारा मोबदला म्हणजे तो फोटोच. तो वापरता येत नसेल तर ती पहाटेपासून साडी नेसून उभी कशाला राहिली?

घाटपायथा
आणि फोटोग्राफर पहाटेपासून कशाला उभा राहिला?

पदरखोच
त्याचं नाव कॅप्शनमध्ये येतं, टॅग येतो, कोलॅब पोस्ट करता येते. चेहरा तिचा आहे, त्यावर पाटी कशाला?

बिट_बाय_बिट
दोघेही जुन्या काळात आहात. २०१७ मध्येच गूगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं की एकच वॉटरमार्क एकाच पद्धतीने बऱ्याच फोटोंवर असेल तर तो आपोआप ओळखून साफ काढता येतो. आता तर फोनवर बोट फिरवलं की गायब. उपाय एकच, मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या आत साठवलेली माहिती. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) कॉपीराइट आणि क्रिएटर हे रकाने एकदा भरून ठेवा, दर एक्स्पोर्टला आपोआप जातात.

नस्ती_उठाठेव
आणि इन्स्टावर चढवला की ते रकाने लोकांना दिसत नाहीत. तिथून उचललेल्या फोटोत बहुतेक काही उरतही नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तरी तेच, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतो.

बिट_बाय_बिट
मूळ फाइल तर आपल्याकडे राहते ना. रॉ फाइल हाच पुरावा.

नस्ती_उठाठेव
हे मान्य. रॉ कोणालाही देऊ नका, मॉडेललाही.
वॉटरमार्क खोडता येतो म्हणून टाकूच नये, हे मात्र पटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५बी आलं. कर्त्याचं नाव वगैरे ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नाव होतं आणि ते कापलं, एवढं दिसलं तरी समोरच्याला "मला माहीत नव्हतं" म्हणणं जड जातं.

तिखटजाळ
मेणवलीला घाटावर हल्ली शूटवाल्यांची रांग असते. आम्ही वाडा बघायला गेलो तर एक जोडपं पायऱ्या अडवून बसलेलं, वर आम्हालाच "काका, फ्रेममधून बाजूला व्हा". तिथली मोठी घंटा वसईहून आणलेली आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची. तिला टेकून पोझ देतात. असो, अवांतर झालं.

क्लिक्कूराव
तुम्ही लोक कायदा आणि घंटा घेऊन बसलात. कापलंच आहे ना नाव! साडीवाल्या दुकानाने फोटो त्यांच्या पेजवर टाकलाय, खालचा कोपरा क्रॉप करून, वर "दिवाळी ऑफर". माझं नाव डाव्या कोपऱ्यात काठापाशी होतं, तेवढंच नेमकं उडवलंय. म्हणून तर आता मधोमध टाकायचा म्हणतोय.

पदरखोच
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!!

नस्ती_उठाठेव
साष्टांग दंडवत. साडी दुकानाची होती? फुकट वापरायला दिली? बदल्यात फोटो द्यायचं ठरलं होतं?

क्लिक्कूराव
साडी एक दिवसासाठी दिली होती, परत केली. "आम्हाला टॅग करा" एवढंच म्हणाले. फोटो तिने दिला की इन्स्टावरून उचलला, माहीत नाही.

घाटपायथा
साडी दिली म्हणजे मोबदला दिला. मग कलम १७ प्रमाणे मालक दुकानदार! काय हो वकीलसाहेब?

नस्ती_उठाठेव
वकील नाही मी. एक दिवस साडी वापरायला देणं म्हणजे "त्यांच्या सांगण्यावरून मोबदला देऊन काढलेला फोटो" असं माझ्या मते होत नाही. टॅग मागितला होता, जाहिरात मागितली नव्हती. वाद घालायला जागा आहे, पण ती दुकानाने घालावी.
दुसरं म्हणजे, मुलीला विचारलंत का, दिवाळी ऑफरवर तिचा चेहरा चालणार आहे का? कॉपीराइट तुमचा असला तरी तिच्या लेखी संमतीशिवाय तुम्हीही तो जाहिरातीला विकू नये. मॉडेल रिलीज घेतलंय?

क्लिक्कूराव
नाही. वाईत कोण रिलीज घेतंय?

पदरखोच
मग तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात आणि भांडताय मात्र एकमेकांशी. मधोमध वॉटरमार्क टाकून दुकानदाराचं काय बिघडणार? त्याने फोटो आधीच घेतलाय. भुर्दंड तिलाच.
असं करा. तिला पोर्टफोलिओसाठी ठरलेले फोटो स्वच्छ द्या, मोठ्या आकारात, मेटाडेटा भरून. इन्स्टासाठी १०८० पिक्सेल रुंदीचे वेगळे द्या, त्यावर बारीक नाव. कोपऱ्यात नको, पदराच्या किंवा केसांच्या कडेला, जिथे कापलं तर फोटोच बिघडेल. आणि सोबत हा मेसेज पाठवा:
"हे फोटो तू पोर्टफोलिओ आणि स्वतःच्या सोशल मीडियासाठी वापरू शकतेस, माझं नाव टॅग करून. दुकान, ब्रँड किंवा जाहिरातीला देण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायचं. मान्य असेल तर 'मान्य' लिही."

बिट_बाय_बिट
+१. आणि दुकानाच्या पोस्टचा स्क्रीनशॉट आत्ताच काढा, तारीख दिसेल असा. ऐकले नाहीत तर इन्स्टाचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे, वकील लागत नाही.

घाटपायथा
तक्रार कशाला? बिल पाठवा. मी लॉजवाल्याकडून दोन दिवसांचं राहणं-जेवण वसूल केलं.

लेन्सवेडा
साडीच्या काठावरचं जरीकाम इतकं स्पष्ट आलं असेल तर लेन्स बरी दिसतेय. कुठली आहे?

क्लिक्कूराव
५० एमएम.
तिला मेसेज गेला, "मान्य" आलं. दुकानात तिनेच फोन केला. ते म्हणतात पोस्टवर नाव टाकतो, काढत नाही. ती म्हणतेय काढाच. आता मेकअपवाली विचारतेय की इन्स्टाच्या फोटोंवर तुझं बारीक नाव असणार तर माझं का नाही. तिचं काय करू?